नवी मोटार कशावर विकली जाते: रूप, इंजिन की सूट?

मुठेकाठचा | ४ ऑक्टोबर २०२५

आमच्या घरातल्या हॅचबॅकने या पावसाळ्यात चौदा वर्षे पूर्ण केली आणि तिच्या क्लचने आमच्या संयमाची परीक्षा पाहण्यास सुरुवात केली, त्यामुळे घटस्थापना ते दसरा या काळात मी वाकडेवाडी, बाणेर आणि सातारा रस्ता येथील मिळून सात शोरूमच्या पायऱ्या झिजवल्या. गाडी अजून ठरलेली नाही. मात्र तिथल्या सोफ्यांवर इतका वेळ बसून, बेचव चहाचे कप रिचवून आणि शेजारच्या टेबलांवरची बोलणी कानावर पडून एक प्रश्न मनात घर करून बसला आहे, तो इथल्या जाणकारांपुढे ठेवावासा वाटला. नवी मोटार शेवटी कशाच्या जोरावर विकली जाते? तिच्या दिसण्यावर, तिच्यात मिळणाऱ्या इंजिनांच्या पर्यायांवर, की तिच्यावर मिळणाऱ्या सवलतीवर?

माझे निरीक्षण असे, की या तिन्ही गोष्टींची पाळी एकाच वेळी येत नाही. घरी यादी तयार होते तेव्हा दिसणे महत्त्वाचे ठरते, कारण जी गाडी सिग्नलला शेजारी उभी राहिली तरी मान वळली नाही, तिचे नाव यादीत येतच नाही. यादी कागदावर उतरली की इंजिनाची पाळी येते आणि त्याचे काम बहुधा नावे खोडण्याचेच असते: ऑटोमॅटिक फक्त वरच्या मॉडेलला आहे, डिझेल बंद झाले आहे, सीएनजी घेतले तर डिकी जाते. सूट सर्वांत शेवटी येते, आणि माझ्या मते ती गाडी ठरवत नाही, केवळ खरेदीची तारीख ठरवते.

एक उदाहरण मात्र मला सुटत नाही. मारुतीची पाच दारांची जिम्नी जून २०२३ मध्ये १२.७४ लाखांपासून आली, तेव्हा तिच्या रूपाला नावे ठेवणारा माणूस मला भेटला नाही. इंजिन एकच, १.५ लिटरचे पेट्रोल. सहा महिन्यांतच, डिसेंबर २०२३ मध्ये, तिची ‘थंडर एडिशन’ १०.७४ लाखांपासून मिळू लागली, म्हणजे सरळ २ लाखांचा उतार झाला. तरीही आपल्या रस्त्यांवर ती तुरळकच दिसते. आपल्याकडेच तयार होणारी हीच गाडी जपानला गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथे ‘नोमाड’ या नावाने तिची नोंदणी सुरू झाली, तेव्हा चार दिवसांत सुमारे ५०,००० मागण्या आल्याने नोंदणी थांबवावी लागली. मग आपल्याकडेच तिचे घोडे कुठे अडले?

हिशेबनीस | ४ ऑक्टोबर २०२५

जिम्नीचे उत्तर शोरूममध्ये नाही, कराच्या तक्त्यात आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले आणि त्याबरोबर छोटी गाडी कशाला म्हणायचे हेही ठरले: लांबी ४ मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. पुढे जीएसटी आला तरी ही चौकट टिकून राहिली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तर तिच्या दोन बाजू अगदी उघड झाल्या आहेत. चौकटीत बसणाऱ्या गाडीला १८ टक्के, न बसणाऱ्या गाडीला ४० टक्के.

जिम्नीची लांबी ३९८५ मिलिमीटर आहे, म्हणजे पहिल्या पेपरात ती उत्तीर्ण झाली. पण तिचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे असल्याने दुसऱ्या पेपरात नापास. आता महिंद्राच्या थारकडे पाहा. तिचीही लांबी ३९८५ मिलिमीटर. २०२० मध्ये ती २.२ लिटर डिझेल आणि २ लिटर पेट्रोल घेऊन आली, तेव्हा तीही वरच्या करातच होती. जानेवारी २०२३ मध्ये महिंद्राने फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा) काढून १४९७ सीसी डिझेलची, फक्त मागच्या चाकांवर चालणारी रिअर व्हील ड्राइव्ह थार आणली, ती खालच्या करात बसली आणि किंमत ९.९९ लाखांपासून सुरू झाली. जिम्नी बाजारात येण्याच्या पाच महिने आधीच तिच्यासमोर, तिच्याहून रुबाबदार दिसणारी आणि पावणेतीन लाखांनी स्वस्त गाडी उभी होती. अशा वेळी २ लाखांची सूट म्हणजे उशिरा सुचलेले शहाणपण होय.

त्यामुळे आपण केलेली तीन टप्प्यांची मांडणी मला आकर्षक वाटली तरी पूर्ण पटली नाही. दिसणे, इंजिन आणि किंमत यांची गाठ कारखान्यातच बांधलेली असते. ४ मीटरच्या नियमानेच आपल्याकडच्या सेडानची पाठ कापली. २००८ मध्ये टाटांनी इंडिगो सीएस आणून ही वाट पाडली. मारुतीची डिझायर त्याच वर्षी ४१६० मिलिमीटर लांबीची होती आणि २०१२ मध्ये ती ३९९५ मिलिमीटरवर आली. त्या आखूड डिकीला सौंदर्यदृष्टीने कोणी शंभरात पस्तीस गुणही दिले नसतील, पण ती गाडी तडाखेबंद विकली गेली. दिसण्याचा बळी देऊन कर वाचवला, आणि गिऱ्हाइकाने तो सौदा मान्य केला.

महाराष्ट्रापुरता आणखी एक मुद्दा आहे. आपल्याकडे खासगी पेट्रोल गाडीचा रोड टॅक्स १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे २० लाखांपर्यंत १२ टक्के आहे, तर डिझेलला हेच दर १३ आणि १४ टक्के आहेत. वाढीव दर फक्त वरच्या फरकावर लागत नाही, पूर्ण किमतीवर लागतो. ९.९५ लाखांच्या पेट्रोल गाडीला १,०९,४५० रुपये आणि १०.०५ लाखांच्या गाडीला १,२०,६०० रुपये कर बसतो. त्याखेरीज १० लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा प्राप्तिकर, घेतला जातो, जो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण बुकिंगच्या दिवशी खिशातून जातोच. ९.९९ हा आकडा जाहिरातीत दिसला की केवळ मानसशास्त्र आठवू नये, परिवहन कार्यालयही आठवावे.

टेकडीवाली | ५ ऑक्टोबर २०२५

हिशेबनीस यांचा हिशेब बिनचूक आहे, परंतु त्यात मारुतीची ब्रेझ्झा बसत नाही. तिचे इंजिनही १४६२ सीसीचे पेट्रोलच आहे, म्हणजे तीही वरच्या करात, आणि तरीही देशात सर्वाधिक खपणाऱ्या गाड्यांत ती वर्षानुवर्षे आहे. फरक इतकाच, की ब्रेझ्झात पाच माणसे आणि गावी न्यायचे सामान बसते, जिम्नीत चार आसने आहेत आणि चौघे बसले की सामानाचे काय करायचे हा प्रश्न उरतो. थारलाही चारच आसने आहेत हे मान्य. पण थार घेणारा ती हौसेने घेतो, आणि हौसेला आसने मोजायची सवय नसते.

दिसणे म्हणजे पुढची जाळी आणि दिवे एवढेच आपण धरत आहोत, असेही मला वाटते. मी गेल्या वर्षी गाडी घेतली तेव्हा माझ्यासाठी दिसण्याचा अर्थ बसायची उंची हा होता. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना वाकून खाली बसावे लागू नये आणि उतरताना हात धरावा लागू नये, एवढी माझी अट होती. मारुतीच्या बलेनो आणि फ्रॉंक्स या दोन्ही गाड्या एकाच पायावर उभ्या आहेत, १.२ लिटरचे इंजिनही तेच आहे, तरी एप्रिल २०२३ मध्ये फ्रॉंक्स बलेनोहून महाग किमतीला, ७.४६ लाखांपासून, आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती देशात सर्वाधिक विकली गेलेली गाडी ठरली. तिच्या जाहिरातीतले १ लिटरचे टर्बो इंजिन किती जण घेतात, हे शोरूममध्ये विचारून पाहा. बहुतेकांनी साधे १.२ च घेतलेले असते. त्याच इंजिनासाठी लोकांनी जास्त पैसे मोजले, ते जमिनीपासूनच्या उंचीसाठी आणि रुबाबासाठी.

भोसरीचा डायमेकर | ५ ऑक्टोबर २०२५

दिसण्याचा विषय निघाला आहे, म्हणून आमच्या बाजूने थोडे लिहितो. गेली बावीस वर्षे मी भोसरीतल्या एका टूलरूममध्ये प्रेसच्या डाय, म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारे साचे, बनवतो.

गाडीचा पत्रा बदलणे आणि गाडीचे प्लॅस्टिक बदलणे यांत खर्चाचे जमीन-अस्मानाचे अंतर आहे. बॉनेट किंवा फेंडरसारखा एक पत्रा तयार व्हायला तो चार-पाच वेगवेगळ्या डायमधून जातो: एकीत आकार दाबला जातो, दुसरीत कडा कापल्या जातात, पुढच्यांत भोके पडतात आणि कडा दुमडल्या जातात. या ओतीव लोखंडाच्या डाय टनावारी वजनाच्या असतात, त्या घासून, दाबून, पुन्हा घासून बरोबर करायला महिनोन्‌महिने जातात, आणि हा खर्च लाखभर गाड्यांवर वाटला गेला तरच परवडतो. बंपर, पुढची जाळी, दिव्यांच्या चौकटी, चाकांवरची काळी पट्टी हे सारे प्लॅस्टिकचे असते आणि त्याचे साचे तुलनेने लवकर व स्वस्तात होतात.

म्हणून ‘फेसलिफ्ट’ या शब्दातच त्याची मर्यादा आहे. कोणतीही नव्या रूपातली गाडी घ्या, जुनीच्या शेजारी उभी करा आणि दरवाजे व छत ताडून पाहा. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेली नेक्सॉन समोरून पूर्ण वेगळी वाटते. दरवाजे पाहिलेत तर जुनी मैत्रीण भेटल्यासारखे वाटेल. यात फसवणूक काही नाही. गिऱ्हाइकाची नजर आधी तोंडाकडे आणि मग पाठीकडे जाते, मध्ये फारसे कोणी पाहत नाही, हे कंपन्यांना ठाऊक असते.

एक गोष्ट मात्र चित्रकाराच्या टेबलावरच बिघडली तर नंतर कोणत्याही बंपरने सुधारत नाही, ती म्हणजे चाक आणि अंग यांचे प्रमाण. उंच अंगाखाली लहान चाके आली की गाडी बिचारी दिसू लागते. २०१५ मध्ये आलेल्या क्विडचे इंजिन अवघे ७९९ सीसीचे होते. पण १८० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, उभे बॉनेट आणि चाकांभोवतीची काळी पट्टी यांमुळे ती छोट्या जीपसारखी वाटली आणि पहिली गाडी घेणाऱ्यांनी ती उचलून धरली. आमच्या कामगारांतल्या तिघांनी घेतली. इंजिन किती सीसीचे आहे, हे त्यातल्या दोघांनी घरी आणल्यावर विचारले.

मुठेकाठचा | ५ ऑक्टोबर २०२५

डायमेकर, आपला प्रतिसाद वाचून मी खाली पार्किंगमध्ये जाऊन शेजाऱ्यांच्या दोन गाड्यांचे दरवाजे ताडून आलो. शेजाऱ्यांनी खिडकीतून पाहिले आणि गाडीला कोणी धडक दिली का, म्हणून विचारले.

क्विडच्या उलट बाजूचा अनुभव पुणेकरांना चांगला ठाऊक आहे. टाटांची बोल्ट जानेवारी २०१५ मध्ये आली तेव्हा तिची बांधणी चांगली होती, टर्बो पेट्रोल इंजिनही होते, पण आकार व्हिस्टाची आठवण करून देणारा होता आणि व्हिस्टा म्हटले की स्टेशनबाहेरची टॅक्सी डोळ्यांपुढे येत असे. पुढच्याच वर्षी आलेल्या टियागोने तो शिक्का पुसला, तेही झिका विषाणूमुळे ‘झिका’ हे आधी ठरलेले नाव ऐन वेळी बदलावे लागल्यानंतर. टोयोटाच्या इटिऑसचे मात्र बोल्टसारखेच झाले. इंजिन दणकट, जागा ऐसपैस, देखभाल स्वस्त. पण साधा चेहरा आणि डॅशबोर्डच्या मधोमध बसवलेले स्पीडोमीटर घरगुती गिऱ्हाइकाला रुचले नाही, टॅक्सीवाल्यांना मात्र ती मानवली. टॅक्सीवाल्यांनी जितकी घेतली तितकी ती घरच्यांच्या मनातून उतरत गेली.

घाटवाट | ६ ऑक्टोबर २०२५

इंजिन फक्त नावे खोडते, हे विधान आजच्या काळापुरते खरे असेल, परंतु दहा-बारा वर्षांपूर्वी इंजिनच गाडी विकत होते. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर खुले झाले आणि डिझेलचे सरकारच्या हातात राहिले, त्यामुळे २०१२ च्या उन्हाळ्यात दोन्हींच्या दरांतला फरक लिटरमागे ३० रुपयांच्या घरात गेला होता. त्या काळात विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. ज्या होंडाची ओळखच पेट्रोल इंजिनांची, तिलाही २०१३ मध्ये अमेझच्या निमित्ताने भारतात पहिले डिझेल आणावे लागले. मारुतीची ब्रेझ्झा मार्च २०१६ मध्ये केवळ डिझेलमध्ये आली. आज हे सांगितले तर पोरे हसतात.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दरही खुले झाले आणि फरक आटत गेला. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस ६ हे कडक निकष लागू झाले, तेव्हा धुराची शुद्धी करणारी यंत्रणा लहान डिझेल इंजिनाला परवडेना म्हणून मारुतीने डिझेल सोडून दिले. आणि एप्रिल २०२३ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरच्या धुराचे नियम आल्यावर आय २०, व्हर्ना आणि होंडा सिटी यांची डिझेल रूपे गेली. गंमत अशी, की ब्रेझ्झाने डिझेल सोडले तरी गिऱ्हाईक तिला सोडून गेले नाही. याचा अर्थ लोकांना इंजिनाशी काही देणेघेणे नाही असा मी लावत नाही. माझा अर्थ असा, की त्यांना डिझेल हवे नव्हते, स्वस्त किलोमीटर हवा होता.

तो हिशेब मी स्वतःपुरता मांडला आहे. माझी पेट्रोल गाडी प्रत्यक्षात लिटरला १४ चा अ‍ॅव्हरेज देते, भावाची डिझेल १९ चा. पुण्यातले दर पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपये धरले, तर किलोमीटरला अनुक्रमे ७.४३ आणि ४.७४ रुपये पडतात, फरक २.६९ रुपयांचा. रोड टॅक्ससह डिझेल मॉडेल १.३ लाखांनी महाग पडत असेल, तर ते पैसे वसूल व्हायला ४८,००० किलोमीटरहून अधिक धाव लागते. कोथरूड ते मगरपट्टा रोज जाणाऱ्याला ती चार-पाच वर्षांत मिळेल. घरून काम करणाऱ्याला गाडी म्हातारी होईपर्यंत मिळणार नाही. मी तरीही पुढची गाडी डिझेलचीच घेणार आहे. खंबाटकी चढताना पाच माणसे आणि सामान घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये किंचाळणारी पेट्रोल गाडी मी पुष्कळ वर्षे चालवली आहे, आणि त्या किंचाळण्याची किंमत वरच्या हिशेबात कुठेच येत नाही.

प्रश्नचिन्ह | ६ ऑक्टोबर २०२५

सुरक्षिततेचे तारे, एअरबॅग यांचा विचार कोणीच करत नाही का?

मुठेकाठचा | ६ ऑक्टोबर २०२५

करतात, आणि करायलाच हवा. पण त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा ही विनंती, अन्यथा इथे पत्रा किती पातळ यावरून रणकंदन होईल.

टेकडीवाली | ७ ऑक्टोबर २०२५

घाटवाट यांनी सीएनजीला वगळले, याचे आश्चर्य वाटले. स्वस्त किलोमीटरचे जे काम डिझेल करत असे, ते आता सीएनजी करते. गेल्या आर्थिक वर्षात देशात विकल्या गेलेल्या सीएनजी गाड्यांची संख्या डिझेलच्या पुढे गेली. महाराष्ट्रात एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरचा व्हॅट १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला गेला आणि रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा कमी आहे. अडचण दिसण्याची नव्हती, डिकीची होती. तीही टाटांनी २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या तळाशी बसवून बरीच सोडवली. आता उरली आहे ती पंपावरची रांग. तिथे एक पुस्तक वाचून होते, एवढाच लाभ.

काउंटरपलीकडचा | ८ ऑक्टोबर २०२५

मी एका विक्रेत्याकडे अकरा वर्षे विक्री विभागात होतो. आता त्या क्षेत्रात नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. धागाकर्त्यांनी सूट तारीख ठरवते असे म्हटले आहे. ते गिऱ्हाइकाच्या बाजूने खरे आहे. आमच्या बाजूने सूट म्हणजे कंपनीच्या चुकलेल्या अंदाजाची कबुली असते.

बातम्यांत येणारे विक्रीचे आकडे दोन प्रकारचे असतात, हे आधी लक्षात घ्यावे. उत्पादकांची संघटना सियाम जे आकडे देते, ते कारखान्यातून विक्रेत्याकडे रवाना झालेल्या गाड्यांचे असतात. विक्रेत्यांची संघटना फाडा देते ते वाहन या सरकारी प्रणालीत पासिंग झालेल्या गाड्यांचे. पहिला आकडा मोठा आणि दुसरा लहान राहू लागला की मधल्या गाड्या आमच्या यार्डात उन्हापावसात उभ्या असतात आणि त्यांच्यावरच्या कर्जाचे व्याज विक्रेता भरत असतो. २०२४ च्या सणांपूर्वी हा साठा ८० ते ८५ दिवसांच्या विक्रीइतका झाल्याचे फाडाने सांगितले होते. तो साधारण २१ दिवसांचा असावा, असे त्यांचेच म्हणणे आहे. त्या शरद ऋतूत सवलतींचा जो पाऊस पडला, तो कोणाच्या औदार्याने पडला नव्हता.

सूट कधीही सरसकट नसते. मॉडेलच्या नावापुढे जो मोठा आकडा छापलेला असतो, तो बहुतेक वेळा अशा व्हेरियंटवर असतो जे कोणी मागत नाही: टॉप मॉडेल पण मॅन्युअल गिअरचे, टर्बो पेट्रोल पण नको त्या रंगाचे, किंवा लवकरच बदलणाऱ्या रूपाचे. चालू सीएनजी मॉडेलवर तीच कंपनी हजार रुपये सोडत नाही. त्यामुळे कोणत्या इंजिनाला मागणी आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर सवलतीचा कागद मागवावा आणि उलटा वाचावा. ज्याच्यापुढे शून्य आहे, ते लोकांना हवे आहे.

छापलेला आकडा चार-पाच तुकड्यांचा बनलेला असतो. रोख सूट सर्वांना मिळते. एक्स्चेंज बोनस जुनी गाडी त्यांच्याकडेच दिली तर. कॉर्पोरेट डिस्काउंट तुमची कंपनी त्यांच्या यादीत असेल तर. जुन्या गिऱ्हाइकाचा बोनस त्याच कंपनीची गाडी घरात असेल तर. ज्याच्याकडे जुनी गाडी नाही आणि जो स्वतःचा व्यवसाय करतो, त्याच्या हाती त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा पडतो. शिवाय एका हाताने दिलेले विमा आणि अ‍ॅक्सेसरीज यांच्या बिलांतून दुसऱ्या हाताने परत घेण्याची कला या धंद्यात जुनी आहे. विमा बाहेरून घेण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. तो घेतला तर सूट कमी करू, असे कोणी म्हणाले, तर ती सूट मुळात कुठून येत होती ते आपोआप कळते. नव्या गाडीचा विमा कंपनीच्या जाहीर किमतीतून ५ टक्के वजा करून ठरवतात, तुम्ही प्रत्यक्षात किती दिले यावरून नव्हे. म्हणून सूट मिळाल्याने विम्याचा हप्ता घटत नाही.

या वर्षीचा अनुभव तर अभ्यासक्रमात लावावा असा आहे. कर कमी होणार असे १५ ऑगस्टला जाहीर झाले, दर ३ सप्टेंबरला ठरले आणि लागू झाले ते २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी. मधल्या काळात पितृपक्षही येऊन गेला. माझे जुने सहकारी सांगतात, की त्या पाच आठवड्यांत वाट्टेल ती सूट देऊ केली तरी माणूस फिरकत नव्हता. नंतर नेक्सॉन १.५५ लाखांपर्यंत आणि महिंद्राची ३ एक्सओ १.५६ लाखांपर्यंत उतरली. पहिल्या दिवशी एकट्या मारुतीने सुमारे ३०,००० गाड्या दिल्याचे सांगितले. लोकांना नुसती स्वस्त गाडी नको होती. ती आणखी स्वस्त होणार नाही, याची खात्री हवी होती.

जुना जॅझवाला | ९ ऑक्टोबर २०२५

सूट केवळ तारीख ठरवते, हे मला मान्य नाही, कारण मी त्याची किंमत मोजली आहे. २००९ मध्ये आलेली होंडा जॅझ मी पुढच्या वर्षी घेतली. रूप सुंदर, मागची आसने हवी तशी दुमडणारी, इंजिन लोण्यासारखे. दोष एकच, की किंमत सेडानची होती आणि डिझेल नव्हते. ऑगस्ट २०११ मध्ये कंपनीने नवे रूप आणताना किंमत दीड लाखांहून अधिक उतरवली आणि जी गाडी सोसायटीत माझी एकट्याची होती, तिच्या वर्षभरात चार झाल्या. तेच इंजिन, जवळजवळ तोच चेहरा. बदलली ती फक्त किंमत.

माझ्या गाडीचे मोल मात्र एका रात्रीत तेवढ्याच रकमेने खाली आले, कारण जुन्या गाडीची किंमत नव्या गाडीच्या चालू किमतीवरून ठरते, तुमच्या पावतीवरून नाही. जी कंपनी वारंवार मोठी सूट देते, तिची गाडी घेताना मी आता दोनदा विचार करतो.

टेकडीवाली | १० ऑक्टोबर २०२५

काउंटरपलीकडचा यांनी यार्डाचा उल्लेख केला, म्हणून स्वतःचा अनुभव सांगते. गेल्या वर्षी आम्हाला एका शोरूममध्ये ६५,००० रुपयांची सूट देऊ केली गेली आणि विक्री प्रतिनिधी ती ‘फक्त आजच्या दिवसापुरती’ असल्याचे तीनदा म्हणाला. माझ्या दिरांनी चेसिस क्रमांक मागितला, तेव्हा चहा आला. दुसऱ्यांदा मागितला, तेव्हा मॅनेजर आले. त्या क्रमांकात निर्मितीचा महिना आणि वर्ष सांकेतिक अक्षरांत असतात. गाडी आठ महिन्यांपूर्वीची निघाली, टायर एका जागी उभे राहून चपटे झाले होते आणि बॅटरी उतरलेली होती. आम्ही तीच गाडी दुसऱ्या विक्रेत्याकडून २०,००० च्या सुटीत, महिनाभरापूर्वी बनलेली घेतली. गाडी दहा वर्षे वापरायची असेल, तर जुन्या साठ्यातली घेण्यात वावगे काही नाही. पण चौथ्या वर्षी विकणाऱ्याला तो गेलेला काळ पुढचा गिऱ्हाईक बरोबर मोजून दाखवतो.

मुठेकाठचा | १९ ऑक्टोबर २०२५

गाडी ठरली. सर्वांच्या प्रतिसादांचा कागद करून खिशात नेला होता, त्याचा वृत्तांत देणे कर्तव्य समजतो.

१२०० सीसीच्या आतले पेट्रोल आणि ऑटोमॅटिक घेतले, कारण मी वर्षाला ७,००० किलोमीटरच चालवतो आणि घाटवाट यांच्या हिशेबाने डिझेलचे पैसे वसूल होईपर्यंत मुलगी पदवीधर होईल. एक्स-शोरूम किंमत १० लाखांच्या आत राखली. सवलतीचा कागद उलटा वाचला. आम्हाला हव्या असलेल्या व्हेरियंटपुढे शून्यच होते. विमा बाहेरून घेणार म्हटल्यावर मॅनेजरांनी दीर्घ श्वास घेतला आणि त्यांचाच दर ९,००० रुपयांनी खाली आला. मॅट सोडून एकही अ‍ॅक्सेसरी घेतली नाही.

मात्र सूट खरेदीची तारीख ठरवते, हे पहिल्या दिवशी मीच लिहिलेले वाक्य माझ्याच घरात टिकले नाही. पांढऱ्या रंगाची गाडी यार्डात उभी होती, चेसिस क्रमांकावरून सप्टेंबरचीच होती, पाडव्याला मिळत होती आणि तिच्यावर १२,००० रुपये सुटत होते. सूट होती, मुहूर्तही होता. आई म्हणाली, पांढरी गाडी रुग्णालयाची वाटते. मुलगी म्हणाली, पांढरी टॅक्सी वाटते. पत्नी काहीच म्हणाली नाही, तिने फक्त बाहेर काचेआड उभ्या असलेल्या निळ्या डेमो गाडीकडे पाहिले. निळीला सूट नाही, आणि ती नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याखेरीज मिळणार नाही. बुकिंगच्या पावतीवर निळा रंग लिहिला आहे. तोपर्यंत जुन्या गाडीच्या क्लचने साथ द्यावी, एवढीच इच्छा आहे.

भोसरीचा डायमेकर | १९ ऑक्टोबर २०२५

अभिनंदन. ताब्यात घेताना बंपरचा आणि फेंडरचा निळा रंग उन्हात उभे राहून ताडून पाहा. प्लॅस्टिक आणि पत्रा वेगवेगळ्या ठिकाणी रंगतात, आणि निळ्यात फरक लगेच उठून दिसतो.